इतिवृत्त, पान सात

माझं काम बोलायचं नाही. टिपून घ्यायचं.
बफेलो शहर, शिक्षण मंडळाची अंदाजपत्रकी सभा.
बाहेर सरोवरावरून आडवा येणारा बर्फ,
आत चौदा वर्षं माझी तीच खुर्ची,
शेजारी टायमर, आणि कुणीतरी आणलेला डोनटांचा खोका.
प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटं.

विषय क्रमांक नऊ. विशेष शिक्षण, साहाय्यक सेवा.
वाणी-उपचारतज्ज्ञ: सध्या एक.
प्रस्तावित: शून्य पूर्णांक सहा दशांश.
वित्त अधिकारी म्हणाले, ही कपात नव्हे, पुनर्नियोजन.
मी लिहिलं, पुनर्नियोजन.

मिस व्होयचिकना मी पाहिलंय.
अख्खी बाई आहे.
गाडीच्या डिकीत चित्रांची कार्डं,
ओठांचा आकार दाखवायला हातआरसा,
फुंकर शिकवायला साबणाच्या फुग्यांची बाटली,
जानेवारीत ती बाटली गोठते,
मग पहिली दहा मिनिटं
ती काखेत धरून वितळवायची.
ही दहा मिनिटं कुठल्या रकान्यात टाकतात, मला ठाऊक नाही.
शून्य पूर्णांक सहा म्हणजे
काख धरून, की काख सोडून?

वक्ता क्रमांक चौदा: नॉ पॉ वा.
इस्पितळाच्या लाँड्रीचा गणवेश अंगावर,
कामावरून थेट आलेली.
ती एक वाक्य बोलते, थांबते.
दुभाषा तेच वाक्य बोलतो, थांबतो.
तीन मिनिटांची अशी दीड झाली
आणि यात कुणाचीच चूक नव्हती,
नियम सगळ्यांना सारखा.

ती म्हणाली,
चार वर्षं हा माझा हात ओढत फ्रिजपाशी न्यायचा.
दूध दाखवलं, रडला. भात दाखवला, रडला.
लोक म्हणायचे हट्टी आहे.
हट्टी नव्हता.
(दुभाष्याचा आवाज इथे जरा अडखळला.)
बाकीचं तोच सांगेल.

एह ता, वय नऊ.
गळ्यात पट्ट्याने अडकवलेला टॅबलेट,
कोपऱ्यावर तडा, तड्यावर चिकटपट्टी.
चौकोनच चौकोन, प्रत्येकात एक चित्र.
त्याचं बोट त्यांच्यावरून फिरलं,
अनोळखी गल्लीत घर शोधावं तसं.
नऊ सदस्य, साठेक माणसं, एक पहारेकरी,
सगळे त्या बोटाकडे बघत होते.
मी लिहिणं थांबवलं. लिहायला काही नव्हतं.

टायमर वाजला.
आणि त्याच्यामागून
टॅबलेटमधल्या कुणा मोठ्या, आनंदी पुरुषाचा आवाज:
अजून.

अध्यक्ष म्हणाल्या, धन्यवाद, आपली वेळ संपली.
अजून.
मागे कुणीतरी हसलं, मायेनंच.
अजून.

नियमाप्रमाणे म्हणण्याचा सारांश नोंदवावा लागतो.
मी टाइप केलं:
सेवा पूर्ववत ठेवण्याची विनंती केली.
खोडलं.
वेळ वाढवून मागितला.
खोडलं.
निधी?
प्रश्नचिन्ह इतिवृत्तात चालत नाही.

मध्यंतरात तो माझ्या टेबलाजवळ आला, बोट पुढे,
थेट डोनटांच्या खोक्याकडे.
सभेआधी एक खाल्ला होता म्हणे.
त्याची आई लाजली. मी खोका पुढे केला.
म्हणजे एवढंच होतं ते.
म्हणजे केवढं होतं ते:
भरल्या सभागृहात, कुणाचाही हात न ओढता,
एका मुलानं आणखी एक डोनट मागितला.

ठराव पाच विरुद्ध चार मतांनी मंजूर.
शून्य पूर्णांक सहा.
जुलैपासून लागू.

मी घरी गेले, रस्ता मीठ टाकून पांढरा,
फरसबी गरम केली, खाल्ली नाही.
रात्री मसुदा पुन्हा उघडला.

पुढच्या महिन्यात, विषय क्रमांक एक:
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
सूचक, अनुमोदक, हरकत नाही.
पान सात, ओळ अकरा,
वक्ता क्रमांक चौदा यांचं म्हणणं, जसंच्या तसं,
एकच शब्द, पुढे पूर्णविरामही नाही
अजून

कायम झालं.
कुणी वाचलंच नसणार.